प्रयोगशाळेतली मोटर आणि आमच्या मॅडम

भंगार म्हणायचं नाही मला. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली विजेची मोटर बोलतेय मी, आणि अजून ठणठणीत आहे.

मॅडम इथे नव्याने शिकवायला आल्या, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही आपलं वर्गात शिकवा. यंत्रांचं पुरुष मंडळी बघतील."

मॅडमनी माझं झाकण उघडलं, झिजलेले कार्बन ब्रश बदलले आणि मला सुरू केलं. "मीही बघितलं, सर," एवढंच बोलल्या.

एकदा एका मुलीच्या हातून माझा वेग आवरणाऱ्या चुंबकाची तार सुटली. मी अशी बेफाम सुटले की ओटा थरथरला, मुलं भिंतीला चिकटली. मॅडमनी झटकन मुख्य स्विच बंद केला. रडवेल्या मुलीला म्हणाल्या, "घाबरलीस ना? बरं झालं. आता जन्मात विसरणार नाहीस. चल, जोड परत."

पुढे त्या विभागप्रमुख झाल्या, मग संचालक. तरी आठवड्याचा एक तास माझ्यापाशीच.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं: प्रयोगशाळा बंद, प्रयोग संगणकाच्या पडद्यावर आणि या जागी चकचकीत स्वागतकक्ष. माझ्यासमोरच म्हणाले, "सही करा. पुढेही खुर्ची तुमचीच."

"साहेब, पडद्यावरची मोटर तापत नाही. तिच्यावर शिकलेल्यांच्या हाती उद्या इस्पितळाची वीज देऊ?"

"मग खुर्ची सोडावी लागेल."

"सोडते. बसून बसून पाठ धरलीच होती."

खुर्ची गेली, मॅडम पुन्हा नुसत्या शिक्षिका झाल्या. लेक घरून तणतणत आली, "आई, अगं संचालक होतीस तू! आता पुन्हा हे तेलाचे डाग?"

"धुतले की जातात गं," मॅडम हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी मला फडक्याने दोनदा पुसलं.

बातमी फुटली. त्यांचे जुने विद्यार्थी, आता ठिकठिकाणच्या वीजकेंद्रांत काम करणारे, अध्यक्षांच्या दारात येऊन बसले. शेवटी अर्धी खोली गेली, अर्धी वाचली.

आता काचेपलीकडे मऊ सोफे आहेत. मी सुरू झाले की पाहुणे दचकतात. दचकू देत! मॅडम लवकरच निवृत्त होतील. मी होणार नाही. तुम्ही शिकायला याल, तेव्हा लांबून बघू नका. मला चालवा. मी गुरगुरेन, चुकलात तर दटावेन, पण शिकवल्याशिवाय सोडणार नाही.