ताश्कंदला गेलेली चटणी

अठ्ठ्याण्णव साली भारताच्या कुमार फुटबॉल संघात कृष्णातची निवड झाली. स्पर्धा ताश्कंदला होती, आणि ताश्कंद नेमकं कुठं येतं हे कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं. संघाचा इतिहास मात्र कृष्णातच्या वडलांना, आकारामना, तोंडपाठ होता. राजारामपुरीत त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते.

"चौऱ्याहत्तर साली बँकॉकला आपल्या पोरांनी आशियाचा कप मारलेला," ते कट्ट्यावर सांगायचे. "फायनल बरोबरीत सुटली. मग इराणला आन् आपल्याला मिळून दिला."

"कापला व्हय कप?" तालमीचा हलगीवाला गुंडू विचारायचा.

"कापत्यात कशाला, लेका? वाटून घेतला."

"आन् त्याच्या मागनं?"

"मागनं पोरं नुसती जाऊन येत्यात."

कृष्णात राखीव गोलकीपर होता, म्हणजे बाकावरच बसायचं होतं. तरी त्याच्या आईनं, चिमणाबाईनं, बॅगेत बुटांच्या खाली कांदा-लसूण चटणीची बरणी कोंबली. "परमुलखात काय गिळायला घालत्यात कुणाला ठावं," ती म्हणाली.

ताश्कंदच्या हॉटेलात उकडलेलं मटण आणि जाड पाव. दोन दिवसांत पोरांची तोंडं उतरली. पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कृष्णातनं बरणी उघडली. त्याच्या खोलीत कोलकात्याचा तपन होता, संघाचा मुख्य गोलकीपर. वासानं तो उठून बसला.

"थोडा देना."

"तिखा है, भाई. जपके!"

तपननं जपलं नाही. डोळ्यांतनं पाणी गाळत तो पावाला चटणी फासून खात राहिला आणि वर "दारुण, दारुण" म्हणत राहिला. ही बंगालीतली तारीफ आहे की मराठीतली तक्रार, हे कृष्णातला कळेना.

सकाळी तपन संडासातनं बाहेरच येईना. प्रशिक्षकांनी दार वाजवलं, घड्याळ बघितलं आणि कृष्णातकडं वळून म्हणाले, "ग्लोव्ह्ज घाल."

कृष्णातला हर्ष झाला आणि त्या हर्षाची लाजही वाटली. तो दाराशी गेला. "तपन, मैं खेलूँ क्या?"

"खेल," आतनं क्षीण आवाज आला. "पर वो डिब्बा फेंक दे."

यजमान संघातली पोरं मिशाळ होती आणि घोड्यासारखी पळत होती. त्यांनी पाच गोल घातले. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. कृष्णात डावीकडं पडला, बॉल त्याच्या नडगीवर आपटून बाहेर गेला आणि आपल्या पोरांनी सामना जिंकल्यासारखी त्याला मिठी मारली.

कोल्हापुरात पेपरला आलं, 'कृष्णातने पेनल्टी अडवली'. झालं! तो स्टेशनवर उतरला तर समोर ट्रॅक्टर, हलगी, गुलाल. गारगोटीहून बाजाराला आलेल्या एका माणसानं गुंडूला विचारलं, "जिंकलं जणू आपलं?"

"न्हाई, पावणं. पाच गोल खाल्लं."

"मग गुलाल कशाचा?"

"सहावा अडवला की!"

चौकात कृष्णातच्या हातात माईक दिला. खोटं त्याच्यानं बोलवेना. त्यानं चटणीचं सगळं सांगून टाकलं. चौकात जो हशा उसळला तो थांबेना. एकटी चिमणाबाई संतापली. "माझ्या चटणीनं? आमच्यात पाळण्यातली पोरं चाटत्यात ती! त्या पोराचं पोटच नाजूक आसंल."

घरी आल्यावर आकाराम लेकाच्या केसांतला गुलाल झाडत हळूच म्हणाले, "खरं सांग. बॉल तू अडवलास, का बॉलनंच तुला गाठलं?"

कृष्णातनं आजूबाजूला बघितलं. "पाय घसरला, आबा. मला उजवीकडं जायाचं हुतं."

"आमचंबी निम्मं आसंच हुतं," आकाराम म्हणाले. "कुणाला बोलू नगंस."

दोघं तोंडावर हात धरून हसत बसले. भारतानं कृष्णातला पुन्हा कधी बोलावलं नाही. पेठेसाठी मात्र तो पुढं कितीतरी वर्षं गोलात उभा राहिला.