परातीचं वजन

नारळी पौर्णिमेला वेसाव्याच्या आमच्या घरातून होडीला आणि दर्याला करंज्यांचा नैवेद्य जातो. गेली छत्तीस वर्षं त्या करंज्या पुतळाआत्या करते. नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही, हा नियम. त्यामुळे सगळी भिस्त तिच्या हाताच्या मापावर.

यंदा घरात त्या हाताबद्दलच शंका होती. गेल्या महिन्यात आत्याने डाळीत दोनदा मीठ घातलं, आणि तिच्या मुलाने, निमेशने, पुढच्या वर्षीपासून करंज्या मालाडच्या दुकानातून आणू असं सांगून टाकलं. आत्या त्याच्यावर चिडली नाही. मला मात्र म्हणाली, यंदा चुकले तर झारा मी स्वतःच खाली ठेवीन.

मी अंधेरीला एका प्रयोगशाळेत काम करते. 'साखर तीन वाट्या, जरा शिगेच्या' म्हणजे नक्की किती, हे मला कधीपासून हवं होतं, म्हणून डिजिटल काटा घेऊन गेले होते. देवाला तोलून देतेस, बाजारात बसलीयस का, असं आत्या म्हणत राहिली, पण तोलू दिलं. रिकामी परात ६४० ग्रॅम. भाजलेलं खोबरं ६१२, रवा १४८, खसखस ३५. वहीत लिहिलं.

तेवढ्यात निमेशच्या बायकोने, नीलमवहिनीने, पूजेचं ताट उचलू लागायला खालून हाक मारली. पाच मिनिटांत परत आले तर आत्या ओट्यापाशी रिकामी वाटी घेऊन उभी. पिठीसाखरेचा डबा उघडा. सारण कालवलेलं.

"गार्गी," ती हळूच म्हणाली, "साखर घातली का गं मी?"

मी परातीत पाहिलं. पांढरा रवा, पांढरी साखर. नुसतं बघून काही कळेना. वाटीला आतून भुकटी चिकटलेली होती, पण रवाही त्याच वाटीने घेतला होता. डबा आधी किती भरलेला होता ते मी पाहिलं नव्हतं. चिमूटभर जिभेवर ठेवलं की प्रश्न मिटला असता, आणि नेमकं तेच करता येत नव्हतं. पुन्हा सगळं करायला घरात खोबरं नव्हतं. चारला होडीची पूजा.

आत्याने दार लोटलं. "निमेशला बोलू नको."

तेव्हा मला वही आठवली. परात थेट काट्यावर ठेवली की तिच्याखाली आकडेच झाकले जात. म्हणून मघासारखाच मध्ये एक उपडा डबा ठेवला, काटा शून्यावर आणला आणि वर परात ठेवली. साखर नसेल तर १४३५ यायला हवं, मी आत्याला सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"१८२९."

"म्हणजे?"

"३९४ ग्रॅम जास्त आहे, आत्या." मी तिच्या पद्धतीने डब्यातून एक शिगेची वाटी भरून तोलली. १३२. तीन वाट्यांचे ३९६.

"मग दोन ग्रॅम कुठे गेले?"

"वाटीला चिकटलेत."

ती स्टुलावर बसली. आधी पदराने तोंड पुसलं, मग हसायला लागली. "डोकं विसरलं बाय, हात नाय विसरला."

वेलचीपूड घेताना मात्र ती थांबली. "आधी लिही, मग घालते."

करंज्या तळल्या, होडीला आणि दर्याला नैवेद्य दाखवला, त्यानंतरच आम्ही खाल्ल्या. गोडी अगदी नेहमीची. निमेशने चार संपवल्या आणि पाचवी उचलताना आईला विचारलं, डब्यात माझ्या ऑफिसला पुरतील ना. मालाडचं नाव त्याने काढलं नाही.

मी निघाले तेव्हा आत्याने झारा घासून खिळ्याला अडकवला होता. पिशवीत भरायला मी काटा उचलला, तर तिने तो हातातून काढून घेतला.

"हा इथेच राहू दे. तुला दुसरा घे."