हलका गट

"गट कोणता लिहू?" विमानस्पर्धेच्या नावनोंदणीच्या टेबलामागच्या सरांनी हळूच विचारलं. लिफ्टवाल्याने मांडीवरचा खोका आणखी जवळ ओढला.

आयुष्यभर त्याने इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. नखांतलं ग्रीस आता साबणालाही दाद देत नसे. या हातांनी खोक्यातली वस्तू उचलायला तो धजत नसे. आत लेकीचं विमान होतं. गवताच्या काडीइतकं बारीक लाकूड, त्यावर साबणाच्या फुग्यासारखा पडदा, पुढे पातं आणि पातं फिरवायला पिळायचं रबर. बंद सभागृहातच उडणारं. जवळ कुणी शिंकलं तरी वाट बदलणारं.

ती ते बनवत असताना घरातले पंखे बंद असायचे. "विमान उडेल तेव्हा उडेल, आम्ही मात्र शिजून निघालो," असं तो कुरकुरायचा. ती हसायची, पण हात हलू द्यायची नाही. उन्हाळा सरता सरता विमान पुरं झालं आणि ती आजारी पडली. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही.

सकाळी निघताना बायकोने खोक्यावर हात ठेवला होता. "नुसतं दाखवून आणू नका," ती म्हणाली होती. "उडवून आणा."

सरांनी लेकीला शिकवलं होतं, म्हणून ते सावकाश समजावत होते. हे विमान सगळ्यात हलक्या गटाचं. पण त्या गटात ज्याने बनवलं त्यानेच उडवायचं, असा नियम. मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. तुम्हीच बनवलं म्हणा, इथे कुणी खोदून विचारणार नाही, असं ते म्हणाले.

लिफ्टवाल्याने मान हलवली. "सर, तिनं बनवलंय हे सांगायलाच तर आलोय."

सरांनी मान खाली घातली. मग त्यांनी खुल्या गटाचं सांगितलं. तिथे कुणाचंही विमान चालतं. फक्त वजन थोडं जास्त लागतं. त्यासाठी पोटाशी चिमूटभर माती चिकटवतात. त्यांनी डबीतली मातीची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मसुराच्या दाण्याएवढी होती.

त्याने ती बोटांत फिरवली. "हे हलकं व्हावं म्हणून पोरीनं जिवाचं रान केलं," तो म्हणाला. "आता त्यावर बापानं माती टाकायची?"

गोळी त्याने परत डबीत ठेवली. राहिला नवशिक्यांचा गट. त्यात तयार पाकिटातलं कागदी विमान जोडायचं आणि उडवायचं. त्याने विचारलं, दुपारच्या सुट्टीत सभागृहात सराव कोण करू शकतं? कुठल्याही गटाचा स्पर्धक, कुठलंही विमान घेऊन, सर म्हणाले आणि खोक्याकडे बघत बोलता बोलताच थांबले. त्यांनी त्याचं नाव नवशिक्यांत लिहिलं.

त्याचं कागदी विमान वर चढलंच नाही. भिंतीला टेकून खाली बसलं. सगळ्यात शेवटचा नंबर आला. त्याचं त्याला काही नव्हतं.

दुपारी माणसं जेवायला पांगली. सरांनी दारं लावून घेतली. लिफ्टवाल्याने सर सांगतील तसं रबर पिळलं आणि श्वास रोखून विमान सोडलं. सोडलं म्हणजे नुसतं बोटं उघडली. ते मोठ्या संथ गोलात चढत गेलं. उजेडात पडदा दिसेनासा व्हायचा, मग नुसतं पातंच फिरताना दिसायचं.

"वेळ मोजू?" सरांनी विचारलं.

"नको."

विमान छतापर्यंत गेलं आणि लोखंडी तुळईला अडकलं. सर लगबगीने दोरी बांधलेला फुगा घेऊन आले. अडकलेलं विमान फुग्यानेच अलगद सोडवतात. लिफ्टवाल्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा. अजून फिरतंय."

दोघे माना वर करून उभे राहिले. पातं मंद झालं, आणखी मंद झालं, एकदा अर्धंच वळलं आणि थांबलं. तरी तो काही वेळ तसाच बघत राहिला.

"आता काढा," तो म्हणाला.

फुगा वर गेला. विमान तुळईवरून सुटलं आणि तिरकं होत, कसलीही घाई नसल्यासारखं खाली येऊ लागलं. त्याने दोन्ही हात विजारीला पुसले आणि ओंजळ करून तो त्याच्या खाली जाऊन उभा राहिला.