पाय टेकवायचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पण बसायचा नव्हे, पाय टेकवायचा. दवाखान्याच्या सुताराने मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून मला केले. उंची वीतभर. माझी नेमणूक बाळंतिणींच्या वॉर्डातल्या संडासात झाली. कामाला लाज कसली!

तिथे मी नऊ वर्षे काढली. एक बाई मला नीट आठवते. ती टपाल वाटायची. बाळंतपणात तिला खोल जखम झाली होती, पार शौच आवरणाऱ्या स्नायूपर्यंत. डॉक्टरांनी टाके घातले. तीन दिवस उलटले तरी ती संडासला जाईना. टाके उसवतील या धास्तीने तिने जेवणही जवळजवळ सोडले. भेटायला येणारे मात्र बाळाचे नाक कोणावर गेले यातच दंग.

चौथ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला धरून आत आणले. कमोडवर बसवून तिचे पाय माझ्यावर ठेवले. 

"ताई, फाटेल सगळं!"

"नाही फाटत. पुढे वाका, कोपरं मांडीवर टेकवा. कुंथू नका. फुंकर घातल्यासारखा श्वास सोडा."

बराच वेळ गेला. दाराबाहेरून सासूबाईंनी विचारले, "झालं का गं?"

"झालं, आई!" ती रडतच हसली.

मग हळूच म्हणाली, "ताई, वारा आवरत नाही. कधी कपडेही खराब होतात. आता मी टपाल कसं वाटायचं?"

"अगं, असं बोलायचं नसतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "मला अजून होतं. बाळंतपणाला तीस वर्षं झाली."

ताईंनी दोघींकडे पाहिले. "मग व्यायामाला दोघीही या."

दोघी येत राहिल्या. वारा अडवल्यासारखे आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. पाच महिन्यांनी ती वॉर्डात पेढ्यांऐवजी बातमी घेऊन आली: कामावर रुजू झाली होती, सध्या अर्ध्याच गल्ल्या. वारा अजून कधीमधी दगा द्यायचा. कपडे मात्र आता स्वच्छ राहत. सासूबाईही आता लग्नात दाराजवळची खुर्ची शोधत नव्हत्या.

पुढे प्लास्टिकचा पाट आला आणि मी अडगळीत गेलो. माझा एक पाय खिळखिळा झाला आहे, त्याची तक्रार नाही. मागणे एवढेच: घरात बाळ आले की त्याच्या आईलाही विचारा, "तुला संडासला बसता येतंय का?" आणि ती खरे उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.