सरळ दातांचा प्राणी

माकेरेता मॅडमने वर्गाला एकच नियम घालून दिला होता. ज्याचं उत्तर कुणाला ठाऊक नाही, पण बघून, मोजून शोधता येईल, तो चांगला प्रश्न. शुक्रवारी गावच्या बैठकीत प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारायचा होता.

बुधवारी तोरिकाने वही पुढे केली. बेटाचा सरदार वारल्यापासून प्रवाळाच्या रांगेआतल्या उथळ पाण्यात तांबू, म्हणजे बंदी, होता. वर्षभर कुणी काही काढायचं नाही. ही पोरगी ओहोटीला तिथले मोठे शिंपले नुसते मोजत होती. तेवीसपैकी नऊ रिकामे झाले होते.

"ऑक्टोपस नाही मॅडम, तो भोक पाडतो. पाकट मासा कवच फोडतो. इथे कवच धड आहे आणि आतलं मांस सरळ कापलंय. इतके सरळ दात कुठल्या प्राण्याचे?"

माकेरेताने ती ओळ पुन्हा वाचली. तांबूची राखण तिच्या बापाकडे, अपेनिसाकडे होती. गेल्या रविवारी त्यानेच नारळाच्या दुधात शिजवलेले शिंपले वाढले होते. पलीकडच्या बेटावरून आले, म्हणाला. तिने दोनदा मागून खाल्ले होते.

"दुसरा प्रश्न आण. हा काही चांगला नाही."

"का, मॅडम? याचं उत्तर तर कुणालाच ठाऊक नाही."

"उलटून बोलू नकोस!"

तोरिकाने ती ओळ इतक्या जोरात खोडली की पान फाटलं.

दोन दिवस माकेरेताचं कशात लक्ष लागेना. पोरांवर उगाच खेकसली, चहा गार करून ओतून दिला. घरी बाप सुरीला धार लावत बसलेला दिसला की ती मागच्या दाराने बाहेर पडायची. विचारायचं धाडस काही होईना.

शुक्रवारी सगळे चटईवर बसले, यांगोनाच्या पेयाची वाटी फिरली. तोरिकाने मान खाली घालून विचारलं, "समुद्र निळा का दिसतो?"

"हुशार आहे हो पोर!" अपेनिसाने टाळी वाजवली.

त्या टाळीने माकेरेताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बसल्या जागेवरून बापाच्या पुढ्यात सरकली.

"ता, माझाही एक प्रश्न आहे."

"अगं बाई, मॅडमनेही शाळेत नाव घातलं!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तिने नऊ शिंपल्यांचं सगळं सांगितलं. मग बापाकडे बघत विचारलं, "इतके सरळ दात कुणाचे?"

"शार्कचे!" मागून कुणीतरी ओरडलं.

अपेनिसाने हातातली वाटी चटईवर ठेवली.

"माझे," तो म्हणाला.

दाराजवळ तोरिकाचा हात वर गेला होता, आणि आता तिला गप्प बस म्हणायला माकेरेताला तोंड नव्हतं.