बंद दारामागचा स्वयंपाक

ज्या माणसाला आपण जन्मात प्रत्यक्ष भेटलेलो नाही, तो आपल्याला आठवडाभर घरी ठेवून घेतो, दोन वेळा जेवू घालतो आणि वर फुटबॉलच्या फायनलची तिकिटं काढून ठेवतो, हे ऐकल्यावर कुणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकेल. माझ्या मनात तर ती कायमची मुक्कामाला असते. मी अन्न तपासनीस आहे. न सांगता हॉटेलांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, डब्यांची झाकणं उघडायची, नमुने बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचे, हा माझा रोजचा उद्योग. नवरा शाळेत पीटीचा मास्तर. त्याला सगळं जग मैदानासारखं मोकळं वाटतं.

त्याची आणि त्या परदेशातल्या आचाऱ्याची ओळख मोबाइलवरची. दोघंही एकाच क्लबचे भक्त, आणि क्लब असा की हरण्यात त्याचा हात कुणी धरू नये. दर शनिवारी हे दोघं आपापल्या घरी बसून मॅच बघायचे आणि नंतर एकमेकांची समजूत काढायचे. यंदा तो क्लब कसा कोण जाणे फायनलला पोचला. सामना आचाऱ्याच्याच शहरात होता. त्याने आम्हा तिघांना बोलावणं धाडलं.

"अगं, मित्र आहे माझा," नवरा म्हणाला.

"मित्र कसला, फोटो आहे तो," मी म्हणाले.

पण कॉलेजात जाणाऱ्या लेकीने बापाची बाजू घेतली आणि माझं काही चाललं नाही.

आचारी आम्हाला न्यायला आला तो गळ्यात क्लबचा मफलर घालून. दोघा बाप्यांनी भर रस्त्यात मिठी मारली आणि डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "वहिनी." एवढाच एक शब्द त्याने नवऱ्याकडून शिकून ठेवला होता. बाकी बोलणं मोबाइलच्या भाषांतरावर. मला ते वहिनी काही रुचलं नाही. गोड बोलणारा भेटला की मी आधी त्याचा फ्रीज बघते.

खाली त्याची खानावळ, वर आमच्यासाठी दोन खोल्या. खानावळ स्वच्छ होती, जरा जास्तच. संध्याकाळी शेजारीपाजारी जमायचे, भिंतीवरच्या टीव्हीवर जुन्या मॅच लागायच्या, लेक त्यांच्यासोबत गळा फाडून ओरडायची. मग जेवण यायचं: माशाचा रस्सा, भाजलेलं मांस, जाड पाव. सगळे बोटं चाटायचे. आचारी मात्र आमच्यासमोर नुसता बसायचा. ताटही घ्यायचा नाही. एकेकाच्या तोंडाकडे, विशेषतः माझ्या तोंडाकडे, टक लावून बघायचा.

इथेच काहीतरी पाणी मुरत होतं. जो स्वतः रांधतो आणि स्वतः खात नाही, त्याच्या हातचं मी नोकरीत कधी खाल्लं नसतं. शिवाय स्वयंपाक करताना तो आतून कडी लावायचा. मी "मदत करू का?" म्हणून गेले, तर दारात आडवा हात घालून उभा राहिला.

एकदा सकाळी मी कचरा टाकायला मागच्या अंगणात गेले. स्वयंपाकघराची खिडकी अर्धवट उघडी होती. आत आचारी छोट्या काट्यावर पांढरी पूड तोलत होता. एक चिमूट घालायचा, आकडा बघायचा, अर्धी चिमूट काढून घ्यायचा. मी आजवर शेकडो आचारी बघितलेत. मुठीने घालतात, चिमटीने घालतात, अंदाजाने उधळतात. जन्मभर रांधलेला माणूस काटा घेऊन बसलेला मी पाहिला नव्हता.

मग मी माझं काम सुरू केलं. लोक प्रवासाला सुईदोरा नेतात, मी बाटल्या नेते. दर जेवणाला चमचाभर पदार्थ टेबलाखाली बाटलीत जायचा. वर खोलीत नेऊन मी सील लावायची, चिठ्ठी चिकटवायची आणि तिथल्या लहान फ्रीजमध्ये दुधामागे ठेवायची.

"आई, तू त्यांच्याकडे जेवतेस आणि त्यांचेच नमुने घेतेस?" लेकीने विचारलं.

"जेवते म्हणूनच घेते."

फायनलच्या दिवशी दुपारी आम्ही निघायच्या तयारीत होतो. आचारी आमच्यासाठी सरबताच्या बाटल्या घेऊन वर आला आणि त्या ठेवायला त्याने फ्रीज उघडला. मग तो तसाच उभा राहिला. त्याने माझी एक बाटली काढून उजेडात धरली. सील लावलेली नमुन्याची बाटली ओळखायला हॉटेलवाल्याला भाषा लागत नाही. तो मोबाइलमध्ये काहीतरी बोलला आणि मोबाइल मराठीत म्हणाला, "तुझी बायको तपासणीसाठी आली आहे का?"

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"त्याला सांग, सवय आहे माझी," मी म्हणाले.

"मी नाही सांगणार." नवऱ्याने स्वतःच्या गळ्यातला क्लबचा मफलर काढून पलंगावर टाकला. "आयुष्यात एक मित्र मिळाला मला, तोही तू बाटलीत भरलास. हा आता मला पुन्हा मेसेज तरी करेल का?"

मीही चिडले. "मग विचार ना त्याला, दार का लावतो? पूड कसली तोलतो? आमच्यासोबत जेवत का नाही?"

शेवटी लेकीने ते सगळं मोबाइलमध्ये घातलं. आचारी पलंगाच्या कडेला बसला. मग तो हळू आवाजात बोलला, आणि मोबाइलने ते सपाट आवाजात सांगितलं.

"मागच्या आजारपणात माझी चव गेली. वासही गेला. परत आला नाही. मीठ तोलून घालतो. कुणाला माहीत नाही. कळलं तर माझ्याकडे कोण जेवेल?"

"मला तरी सांगायचंस," नवरा म्हणाला.

"तू छानच म्हणाला असतास," मोबाइल म्हणाला. "सगळे छान म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणतात, तू म्हणतोस, तुझी मुलगी म्हणते. वहिनी एकदाही म्हणाली नाही. म्हणून मी रोज तिचं तोंड बघत होतो. ती खोटं बोलणार नाही." मग त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "सांग. माझं जेवण चवीला कसं होतं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. लेकही. मी आठवायला लागले. मासा ताजा होता. रंग घातलेला नव्हता. पावाला बुरशी नव्हती. हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण मीठ? आंबटपणा? तिखट? आठवडाभर त्याच्या हातचं जेवले होते आणि एकाही घासाची चव मला आठवत नव्हती.

"तेल चांगलं होतं," मी म्हणाले.

मोबाइलने ते त्याच्या भाषेत सांगितलं. आचाऱ्याने मान डोलावली आणि मोबाइल तसाच धरून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.