नानांच्या नावाचं पथ्य

धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात अर्जुनराव नानांचं पोट हा सार्वजनिक विषय होता. सकाळी नानांना यायला उशीर झाला की ओट्यावर कामं घेऊन बसलेली माणसं एकमेकांकडं बघत. "आज न्हाई झालं वाटतं," असं कुणीतरी हळूच म्हणे, आणि ज्याला शिफारस मागायची असेल तो चप्पल घालून घरी जाई. बाजार समितीची खुर्ची गेल्यापासून नानांकडं लोकांनी काळजीनं चौकशी करावी असं हे एकच दुखणं उरलं होतं, आणि त्यांनी ते चांगलं जपलं होतं.

त्यांच्या बायकोचं, वनमालाबाईंचं पोट हा विषय नव्हता. जेवण झालं की त्या तांब्या घेऊन परसाकडं धावत. सासू वत्सलाबाई मागून म्हणत, "भांडी दिसली की हिला लागती." एवढ्यावर ते खातं बंद. मुलगी विजयमाला आष्टीला दिली, तिला मूल झालं, पण वनमालाबाईंनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. लोक म्हणत, बाई घरकोंबडी. खरं असं की नानांच्या जीपमध्ये कायम बापे भरलेले. त्यांना गाडी थांबवा म्हणायचं, तेही आडोशासाठी, तेही सारखं सारखं, कुठल्या तोंडानं?

अखेर नाना अंबाजोगाईला डॉक्टरकडं गेले. डॉक्टर निघाली तरणी बाई. तिनं विचारलं, "पोट साफ होतं का?" माईक बंद पडला तरी सभा न सोडणारे नाना पंख्याकडं बघायला लागले.

"हिला विचारा," म्हणाले, "घरातलं सगळं हिच्याकडंच असतंय."

"जेवल्यावर त्रास कधी सुरू होतो?"

"लगेच," वनमालाबाई म्हणाल्या. "हात धुवायच्या आत."

"घट्ट की पातळ?"

"पातळ. कवा कवा नुसतं पाणी."

नानांच्या भुवया वर गेल्या. त्यांचं दुखणं नेमकं उलटं होतं. पण दुरुस्ती करायची तर स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार, म्हणून ते पुन्हा पंखा बघायला लागले.

"कशानं वाढतं?"

"कांद्याच्या रश्श्यानं. दुधाच्या चहानं. पावणे आले की जास्त."

"आणि बाहेर जायचं असलं की?"

वनमालाबाईंनी एकदा नानांकडं बघितलं. "आदल्या दिवसापासून जेवण बंद."

"मिस्टरांकडं फार बारीक लक्ष आहे हो तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वनमालाबाई खोटं बोलल्या असं मला म्हणवत नाही. पोटाचं विचारलं की माणूस आपलंच सांगतो. पण तिसऱ्या प्रश्नापाशी ते त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्या थांबल्या नाहीत, एवढं मात्र त्यांच्या नावे टाकावं लागेल.

तपासण्या चांगल्या आल्या. आतड्याला जखम नाही, ते चिडकं झालंय, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध, तूर, हरभरा बंद. भात, ज्वारीची भाकरी, दोडका, गाजर, अंडं, शेंगदाणे चालतील. "नंतर एकेक पदार्थ परत घालून बघायचा. जो सोसेल तो ठेवायचा. जन्मभर सगळं सोडायची गरज नाही."

घरात नानांचं वेगळं पातेलं आलं. वत्सलाबाई स्वतः राखणीला बसल्या. "त्या पळीला कांद्याचा हात लावू नका गं!" नाना अर्धं खाऊन ताट सारत. आणि आमच्याकडं बापे, पोरं, पावणे उठल्यावर उरलेलं संपवायचं काम घरच्या सुनेचं. आजवर तिच्या वाट्याला तिखट रस्सा आणि गार पोळ्या आल्या होत्या. आता पथ्याचं उरायला लागलं. मग वनमालाबाई पातेल्यात मूठभर तांदूळ जास्तीचे टाकू लागल्या.

धारूरहून सीताफळं विकायला येणारी जाहेदा त्यांच्या दारात टेकायची. एक दिवस ती म्हणाली, "भाभी, टोपलं रिकामं होत आलं, तुमी एकदा बी उठल्या न्हाईत. काय जादू केली?"

"भात खाल्ला," वनमालाबाई म्हणाल्या आणि हसल्या.

त्याच सुमारास विजयमालाचा फोन आला. नातवाचं जावळ ठरलं होतं. "आई, या वक्ताला तरी ये. तुला एक विचारायचंय, फोनवर न्हाई सांगता येत."

"येते," वनमालाबाई म्हणाल्या. लेकीला खरं वाटेना. तिनं दोनदा विचारून घेतलं.

इकडं नानांच्या पोटातला दगड आणखीच घट्ट झाला होता. भात आणि दोडक्यानं माणूस बेजार. एका दुपारी त्यांनी ताट भिरकावलं. "त्या डाक्टरणीला काय कळतंय बे! बोकड सांगा."

"आजपासून एकच पातेलं," वत्सलाबाईंनी जाहीर केलं.

"मी माझ्यापुरतं वेगळं टाकते, आत्याबाई," वनमालाबाई म्हणाल्या.

"कावून?"

"मला सोसतं ते."

"तुला काय धाड भरली?"

"डाक्टरीणबाईला सांगितलं ते समदं माझंच होतं."

मग नाना असे हसले की ओट्यावरची माणसं आत डोकावली. "ऐकलं का? महिनाभर मी बायकोचं पथ्य खाल्लं!" पुढच्या आठवडी बाजारापर्यंत हा विनोद वडवणीत पोचला. नानांना लोकांनी तिथं चहा पाजून तो पुन्हा सांगायला लावला. तिथल्याच कुणीतरी दिलेल्या इसबगोलाच्या पुड्यांनी नाना मोकळेही झाले. बाईचं पोट कसं आहे, हे मात्र विनोद ऐकणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही.

वत्सलाबाई हसल्या नाहीत. "सुनेनं वेगळं शिजवून खाल्लं की चूल फुटली म्हनतेत लोक. घरात दुखणेकरी एक बास."

दोनच दिवस सगळ्यांतला रस्सा खाल्ला आणि वनमालाबाईंचा तांब्या परत सुरू झाला. जावळ तोंडावर आलं होतं. त्यांनी जाहेदापुढं पदर डोळ्याला लावला.

"आमच्यात रोजा हाय म्हनलं की कुनी जबरदस्तीनं खाऊ घालत न्हाई," जाहेदा टोपलं उचलत म्हणाली. "डाक्टरचं नाव कशाला घ्यायचं भाभी? त्याला कोन भेतंय?"

दुसऱ्या दिवशी वनमालाबाई ओल्या केसांनी देवघरापुढं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "योगेश्वरीला नवस बोलले होते. ह्यांच्या पोटाला गुण आला तर कांदा, लसूण, गहू, दूध, तूर, हरभरा सोडीन. गुण आला."

वत्सलाबाईंचे डोळे भरले. चूल फुटायची भीती कुठल्या कुठं गेली. तेच पातेलं त्यांनी स्वतः घासून दिलं. नाना ओट्यावर सांगू लागले, "आमच्या मंडळींनी माझ्यासाठी अन्न सोडलं!" बायका पाया पडून जाऊ लागल्या. आजारासाठी ज्या पातेल्याला घरात जागा नव्हती, त्याला हळदीकुंकू लागलं.

फक्त डॉक्टरचं पथ्य सहा आठवड्यांचं होतं, देवीचं जन्माचं झालं. दूध सोसतंय का, पोळी सोसतीय का, हे आता कधी बघता येणार नव्हतं. तेवढा तोटा वनमालाबाईंनी डोळे उघडे ठेवून घेतला.

आष्टीपर्यंत जीप त्यांच्यासाठी एकदाही थांबली नाही. नानांच्या चहासाठी मात्र तीनदा.

विहीणबाईंनी पुरणपोळीचं ताट पुढं केलं. वनमालाबाईंनी हात जोडण्याआधीच नानांनी पंगतीत सगळी कथा सांगितली. विहीणबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. "बघ गं माला! शीक आईकडून. तुझ्या नवऱ्याचं पित्त किती दिवसाचं हाय!"

विजयमालानं आईला आतल्या खोलीत ओढलं. पोरगी वाळली होती.

"आई, खरं सांग. नवसबिवस न्हाई, पोटाचंच हाय ना?"

"हाय."

"मला बी तेच हाय. जेवले की पळायचं. इथं म्हनतेत, कामचुकार. तू आलीस की तुलाच सगळ्यांसमोर बोलायला लावणार होते, की बाई, असा आजार असतो, हिला डाक्टरकडं न्या. ह्यांना मी निम्मं तयार केलतं." तिनं डोळे पुसले. "आता कोन नेतंय? तू तर देवीचंच करून टाकलंस."

वनमालाबाईंनी तोंड उघडलं. बाहेर सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. देवीच्या नावानं खोटं बोललेल्या बाईला सासरच्या घरात पातेलं राहणार नव्हतं.

"वनमालाताई!" विहीणबाई तांब्या-ताम्हन घेऊन दारात आल्या. "आजचा दिस चांगला हाय. तुमच्याच हातानं मालाला संकल्प सोडू द्या."

मागं नाना आणि जावई कौतुकानं बघत उभे होते. विजयमालानं ताम्हनावर ओंजळ धरली आणि आईकडं बघितलं. "सांग. काय सोडू?"

वनमालाबाईंनी तांब्या वाकडा केला. पाणी पडताना त्या खाली वाकल्या आणि लेकीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आधी कांदा. दुधाचं इतक्यात बोलू नको, ते तुला सोसतंय का बघ."